सात नंबरच्या माशीच्या शेपट्या

शनिवारी दुपारी एक वाजता छपाईपूर्वीचं पान ईमेलने आलं. पाच वाजता ते छापायला जाणार होतं. नीलगिरीच्या ओढ्यांत ट्राउट मासे धरणाऱ्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका निघत होती. तिच्यातल्या बारा कृत्रिम माश्या, म्हणजे माशाला भुलवायला गळावर पिसांनी केलेले खोटे किडे, मी बांधल्या होत्या आणि त्यांचे फोटोही मीच काढले होते. खाली बारीक अक्षरांत माझं नाव होतं. प्राणिशास्त्र शिकवण्यात सव्वीस वर्षं गेली, पण छापील पानावर माझं नाव कधी आलं नव्हतं.

सात नंबरला तीन शेपट्या दिसत होत्या. खाली मजकूर होता, ‘दोन शेपट्या’.

एवढ्या लहान माशीत चूक होणं कठीण नाही. बावीस नंबर मापाचा गळ जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा असतो. त्याला दोऱ्याने कोंबड्याच्या मानेच्या पिसाचे दोन-तीन तंतू बांधायचे, की त्या शेपट्या झाल्या. ओढ्यावर जो खरा किडा उडतो, त्याच्या काही जातींना दोन शेपट्या असतात, काहींना तीन. मार्गदर्शिकेत जाती ओळखायची पहिली खूण हीच दिली होती.

आधी मी फोटोवर संशय घेतला. इतक्या जवळून एका वेळी केसाएवढीच जागा स्पष्ट येते, म्हणून कॅमेरा थोडा थोडा पुढे सरकवत चाळीस फोटो घ्यायचे आणि संगणकावर जोडायचे. मधेच रस्त्यावरून बस गेली आणि टेबल हललं, तर एका तंतूचे दोन होतात. मी चाळीसही फोटो एकेक करून उघडले. प्रत्येकात तीन.

मग वही काढली. ‘सात : तंतू दोन, फेब्रुवारी ११.’ अक्षर माझंच. माशी समोर असती तर प्रश्न मिटला असता, पण बाराही माश्या मंगळवारी कुरियरने उटीला गेल्या होत्या.

वही चुकीची नव्हती आणि फोटोही चुकीचे नव्हते. तिसरी शक्यता मला ठाऊक होती. ती तपासायला दहा सेकंद पुरली असती. मी ती सोडून सगळं तपासत होते. लेन्स पुसली, पडद्याचा उजेड कमी केला, पान पुन्हा उतरवून घेतलं. साडेतीन वाजले. पंखा बंदच होता, कारण पिसं उडू नयेत म्हणून या खोलीत तो मी लावतच नाही. पाठीवरून घाम ओघळत होता.

“अखिला, कापी निवतेंय. कोणाशी भांडतीस आंत?”

सासूबाई उंबऱ्याबाहेर कॉफीचा पेला घेऊन उभ्या होत्या. कोंबड्याची पिसं आहेत म्हणून त्या या खोलीत पाऊल टाकत नाहीत.

“अम्मा, तिथूनच एक बघा. या माशीला शेपट्या किती?”

“मासे खाणाऱ्यांचं काम, आणि मोजायचं मी.” त्यांनी मान पुढे काढली. गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढले, तेव्हापासून समोरच्या घराच्या गच्चीवरचं वाळवणसुद्धा त्या मोजतात. “दोन.”

“नीट बघा.”

“दोन हो. तुला किती दिसतात?”

मी उजवा डोळा हाताने झाकला. दोन. डावा झाकला. तीन. माशी बांधताना भिंगाला मी नेहमी उजवाच डोळा लावते.

पेला त्यांनी उंबऱ्यावर ठेवला.

“अम्मा, बाकीच्याही मोजाल?”

मी एकेक फोटो मोठा करत गेले, त्या बाहेरून आकडा सांगत गेल्या. पहिल्या तीन बरोबर निघाल्या.

“चार?”

“दोन.”

चारला तीन हव्या होत्या. पिसं चुरगळल्यामुळे ती माशी मी पुन्हा बांधली होती, सगळ्यांत शेवटी, तीन आठवड्यांपूर्वी. बांधताना मला तीन दिसल्या होत्या. म्हणून मी आणखी तंतू न बांधता थांबले होते.

उरलेल्या आठ बरोबर होत्या. चार वाजून वीस मिनिटांनी मी संपादक रामस्वामींना फोन लावला.

“सात नंबर ठीक आहे,” मी म्हटलं. “चार चुकली आहे. एक शेपटी कमी आहे.”

“मॅडम, मासा शेपट्या मोजत नाही.”

“वाचणारे मोजतात. त्यावरूनच ओळखा असं आपण लिहिलंय.”

“छपाई थांबवतो. परवापर्यंत नवी बांधून द्याल?”

दोन महिने लपवलेली गोष्ट तोंडातून निघायला जड गेली. “नाही. माझ्या उजव्या डोळ्याला एकाचे दोन दिसतात. चार काढून टाका.”

“मग बाकीच्या अकरा कोणी तपासल्या?”

“सासूबाईंनी.”

“त्या पण प्राणिशास्त्राच्या?”

“नाही. त्यांचं ऑपरेशन झालंय.”

ते हसले नाहीत. पान अकरा माश्यांचं करतो म्हणाले, आणि फोन ठेवला.

सासूबाई अजून दारातच होत्या. “सोमवारी डोळ्याच्या डाक्टराकडे,” त्या म्हणाल्या. “साडेसात ते नऊ राहुकाळ. नऊनंतर निघूं.”