जमिनीखालची छतं

लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तुर्गुनने ओयदिनला आपल्या गावच्या, मार्गिलानच्या, बाजारापलीकडे कुठे म्हणून नेलं नव्हतं. त्यामुळे जूनमधल्या एका संध्याकाळी जेवता जेवता तो म्हणाला, "चल, ताश्कंदला जाऊ. मेट्रो बघून येऊ," तेव्हा तिला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"मेट्रो? त्यात बघायचं काय?"

"अगं, गाडी नाही, स्टेशनं. जमिनीखाली महाल बांधलेत म्हणतात."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

"बायकोला फिरवायचं म्हटलं तर डोकं तपासायला लागते ही!" तुर्गुन हसला. पण हसताना त्याने फाटकाकडे पाहिलं.

त्या वर्षी सगळेच जण फाटकाकडे बघत जेवायचे. कागदावरच पिकवलेल्या कापसाच्या घोटाळ्याची चौकशी चालू होती. गल्लीत चौकशीवाल्यांची काळी गाडी शिरली की बायका अंगणातलं बोलणं तोडून आत जायच्या. मार्चमध्ये ती गाडी तुर्गुनच्या धाकट्या भावासाठी आली होती. सोबिर कापूस गिरणीच्या संचालकाची मोटार चालवायचा. कोण कुणाकडे जातं, ते त्याने पाहिलं होतं. मागच्या भिंतीवरून उडी मारून तो जो गेला, तो गेलाच. ओयदिनने त्याला सहा वर्षांचा असल्यापासून वाढवलं होतं, पण तो गेल्यापासून तिने घरातसुद्धा त्याचं नाव उच्चारलं नव्हतं.

निघायच्या आदल्या दिवशी ती तंदुरात रोट्या लावत होती. तुर्गुन मागे येऊन उभा राहिला. "सहा-सात जास्त लाव."

"दोघांना?"

"प्रवासात भूक लागते."

तिने परातीतली आणखी कणीक ओढली.

ताश्कंदला पोचल्यावर तुर्गुन नव्या नवऱ्यासारखा वागायला लागला. हाताला धरून तिला पायऱ्या उतरवल्या, आणि खाली पाऊल ठेवल्याबरोबर ओयदिन सगळं विसरली. वर उन्हाने डांबर वितळत होतं, खाली संगमरवराचा गारवा. एका स्टेशनावर भिंतभर कापसाची बोंडं, रंगीत खड्यांची. दुसऱ्यावर खांबाखांबाला काचेची झुंबरं. तिसऱ्यावर तर ओळीने घुमट होते, आणि प्रत्येक घुमटात चुन्याची कोरीव जाळी. मशिदीत बायका इतक्या मोकळेपणी मान वर करून उभ्या राहत नाहीत. इथे ती राहिली. सव्वीस वर्षं रेशमाच्या मागावर बसलेली बाई ती. नक्षी कुठे सुरू होते आणि कुठे उलटते, हे तिचे डोळे आपोआप शोधत होते.

"या घुमटात आठ पाकळ्या आहेत, पलीकडच्यात मात्र दहा," ती म्हणाली.

"हं."

तिने वळून पाहिलं. तुर्गुन छताकडे बघतच नव्हता. तो माणसं बघत होता.

मग तिलाही दिसायला लागलं. राखाडी जाकिटातला एक माणूस, हातात घडी केलेलं वर्तमानपत्र. बोंडांच्या स्टेशनावर तो होता, झुंबरांच्या स्टेशनावरही होता. इतक्या उकाड्यात जाकीट.

"अहो—"

"बघितलंय मी. तू आपली छतं बघ. काही झालं तरी छतंच बघ."

"दारं बंद होत आहेत, सावध राहा," ते चढले त्या डब्यातला आवाज म्हणाला. दारं बंद झाली.

राखाडी जाकीट शेजारच्या डब्यात चढलं होतं. पण पुढच्या थांब्यावर शाळेच्या सहलीतली शंभरेक पोरं एकदम फलाटावरून गाडीत घुसली. त्या गोंधळात, दारं मिटता मिटता, तुर्गुनने तिला ओढून खाली उतरवलं. गाडी त्या माणसाला घेऊन बोगद्यात गेली.

ते अंतराळवीरांचं स्टेशन होतं. भिंती फिकट निळ्यापासून गडद होत होत वर काळ्या झालेल्या, जणू रात्रीच्या तळाशी उभं राहावं. भिंतीवर चिनीमातीच्या गोल तसबिरी. एका तसबिरीसमोर चष्मा लावलेला, दाढी वाढलेला एक मजूर उभा होता. तुर्गुन त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला. अनोळखी दोघांनी एकच चित्र बघत उभं राहण्यात, त्या जागी, वावगं काहीच नव्हतं.

मजुराने कान खाजवला. डाव्या हाताने, डोक्यावरून पलीकडचा कान. ती खोड मोडायला ओयदिनने त्याला लहानपणी किती चापट्या मारल्या होत्या!

तिच्या तोंडून हाक निघणारच होती. तिने ती गिळली आणि मान वर केली. काळं छत, त्यात काचेचे तारे. ती मोजत राहिली. तुर्गुनने रोट्यांची पिशवी बाकावर ठेवली. मजूर तिच्यामागून गेला.

"वहिनी, वाळलात हो," इतकंच ऐकू आलं.

एकोणीस, वीस, एकवीस. खाली पाहिलं तेव्हा बाक रिकामा होता.

पायऱ्या चढून वर येताच दोघा माणसांनी त्यांना अडवलं, अगदी अदबीने. दोन गाड्या उभ्या होत्या. तुर्गुनला एकीत बसवलं, तिला दुसरीत. त्याने वळून पाहिलं.

खोलीत एक टेबल, एक चहाची किटली आणि राखाडी जाकिटातला तो माणूस. जाकीट आता खुर्चीच्या पाठीवर होतं.

"घ्या आपा, चहा घ्या. दमला असाल. कुणाला भेटलात आज?"

"कुणाला भेटणार? आम्ही इथे कुणाला ओळखत नाही."

"मग आलात कशाला?"

"स्टेशनं बघायला."

"अस्सं? काय पाहिलंत, सांगा बघू."

ओयदिनने सांगितलं. बोंडांच्या भिंतीत हिरवा खडा कुठे संपतो आणि पिवळा कुठे लागतो, इथपासून सुरुवात केली. झुंबरांची काच कशी कापलीय, ते सांगितलं. कुठल्या घुमटात आठ पाकळ्या, कुठल्यात दहा, आणि एका घुमटात कारागिराची चूक कशी झालीय तेसुद्धा. तो मध्ये थांबवून विचारायचा, "आणि नवरा कुठे होता तेव्हा?" ती म्हणायची, "मी वर बघत होते," आणि पुन्हा नक्षीवर यायची. आवाज कापायला लागला की ती चहाचा घोट घ्यायची. चहा केव्हाच गार झाला होता.

दोन तासांनी त्याने वही मिटली.

"माझी बायको इथलीच. पण तिने एवढं कधी पाहिलं नाही," तो म्हणाला. "जा घरी. तुमचं लक्ष फार चांगलं आहे, आपा. ते मी ध्यानात ठेवीन."

तुर्गुन अकराव्या दिवशी परतला. उजव्या हाताची दोन बोटं सरळ होत नव्हती. ओयदिनने त्याच्या रोटीचे तुकडे करून दिले. सोबिर पकडला गेल्याचं कुठूनही कानावर आलं नाही. तो सुटल्याचंही नाही.

सप्टेंबरात, शाळेतली पोरं कापूस वेचायला रानात गेली होती तेव्हा, टपालवाल्याने एक पाकीट आणलं. तुर्गुनने सवयीने हात पुढे केला.

"तुमच्या नावाचं नाही," टपालवाला खाली बघत म्हणाला. "आपांच्या नावाचं आहे."

गुरुवारी सकाळी दहाला, ताश्कंद, खोली क्रमांक बारा. एकटीने यावं. खाली हाताने लिहिलं होतं: 'तुमचं लक्ष आता आमच्या कामी यावं.'

"मी येतो बरोबर," तुर्गुन म्हणाला.

"नको. तुम्ही कोंबड्यांकडे बघा." ओयदिनने कागदाची घडी घातली, ओढणीच्या टोकाला बांधली आणि ती गाठ दोनदा ओढून पाहिली. मग कारखान्यात गेली. मागावर अर्धं कापड राहिलं होतं, आणि गुरुवारला अजून तीन दिवस होते.