मॉलच्या दारात

गोंदियात पहिला मॉल उघडला तेव्हा शेजारच्या मुर्री गावातल्या संघदीपला तिथं दारावर नोकरी लागली. निळा गणवेश, टोपी, छातीवर नावाची पट्टी. तो सायकलनं निघाला की गल्ली कौतुकानं बघायची.

सालेकशा-चिचगडसारख्या लांबच्या गावांहून माणसं नुसता सरकता जिना पाहायला येत. मालकाला ते खपेना. मॅनेजर भूपेंद्रनं संघदीपला बजावलं, "सिर्फ घूमनेवालों को मत छोड़. शक्ल से समझ में आ जाता है."

संघदीप लवकरच शिकला. पाय मळके दिसले, की तो आडवा होई.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत एका दुपारी धुरपताबाई आली. त्याच्या बापाची चुलत वहिनी, शेजारच्याच घरातली. आई दवाखान्यात पडून होती तेव्हा हिनंच त्याला जेवू घातलं होतं. तो तिला मोठीमाय म्हणे. नातीला, पिंकीला, शाळेसाठी बूट घ्यायला ती शेतातल्या बांधीतून तशीच आली होती. टाचांवर चिखल वाळला होता.

भूपेंद्र मागंच उभा होता. संघदीपनं हात आडवा केला. "ओ बाई, इथं काय काम आहे? बाजार तिकडे आहे."

धुरपताबाईनं त्याच्याकडे पाहिलं, मग भूपेंद्रकडे. पिंकी काही बोलणार तोच तिनं पोरीचा हात दाबला. "चुकलं साहेब. वाट चुकून आलो आमी."

"पहचान की थी क्या?" ती गेल्यावर भूपेंद्रनं विचारलं.

"नाही," संघदीप म्हणाला.

त्या संध्याकाळी तो लांबच्या रस्त्यानं घरी गेला. तिनं गल्लीत कोणाला सांगितलं असेल, या धास्तीनं त्याला जेवण गेलं नाही. पण तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. सकाळी नेहमीसारखीच म्हणाली, "निघाला का रे बापा?" ती चार शिव्या देती तर तो सुटला असता. पुढं तो तिच्या अंगणावरून मान वर न करता जाऊ लागला.

काही वर्षांतच मॉलची रया गेली. पैसेवाले नागपूर-रायपूरला जाऊ लागले, पोरं मोबाईलवरून कपडे मागवू लागली. एकेक शटर खाली आलं. वीज वाचवायला जिनाही बंद ठेवला. शेवटी मालकानं मॉल विकायला काढला. रायपूरची पार्टी बघायला येणार, तेव्हा गर्दी दिसली पाहिजे.

"गाँव से लोग ले आ," भूपेंद्र म्हणाला. "कोई भी चलेगा."

बायका जमवायच्या तर धुरपताबाईशिवाय कोणाचं चालत नसे. संघदीप तिच्या अंगणात शिरला. "मोठीमाय, उद्या मॉलमंदी येता का? नुसतं फिराचं."

"काऊन? आता सोडतेत का आमाले?" तिनं साधंच विचारलं.

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"तुई नौकरी राहीन का त्यानं?"

"राहीन म्हणतेत."

"मंग येतो."

दुसऱ्या दिवशी ती गल्लीतल्या बायका घेऊन आली. ठेवणीतली लुगडी, डोक्याला तेल, पाय घासून स्वच्छ केलेले. भूपेंद्र हात जोडून "आइए माताजी, आइए" करत होता. त्याला पाहताच धुरपताबाई दारात थबकली आणि संघदीपला अनोळखी माणसासारखं म्हणाली, "आत जाऊ का, साहेब?"

आता तरी मोठीमाय म्हणावं, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं. भूपेंद्र बघत होता. संघदीपनं दार उघडलं आणि तो म्हणाला, "जा."

पार्टी आली, बंद शटरं मोजून निघून गेली. सौदा फिसकटला. त्याच संध्याकाळी भूपेंद्रनं सगळ्यांचे गणवेश जमा करून घेतले.

बायका हसतखिदळत मुर्रीच्या रस्त्याला लागल्या होत्या. संघदीपलाही तिकडंच जायचं होतं. त्या दिसेनाशा होईपर्यंत तो सायकलशी वाकून, न उतरलेली चेन बसवत राहिला.