नियम सात आणि सुंबाची बाज

नोटीस बोर्डावर, माझ्याच अक्षरातल्या नियमांखाली, कुणीतरी पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, ‘नियम सात सेक्रेटरीला लागू हाय का?’ सकाळी दूध आणायला उतरलो तर हे समोर. डोकं असं फिरलं की रिकामी पिशवी हातात धरून मी अर्धा तास जिन्याखाली येरझाऱ्या घालत राहिलो.

मी मल्लिनाथ. लातूरच्या बसस्टँडवर बत्तीस वर्षं वाहतूक नियंत्रक होतो. रिटायर झालो आणि औसा रोडच्या आमच्या बसवप्रभा सोसायटीचा सेक्रेटरी झालो. अठरा फ्लॅट, तीन मजले, लिफ्ट नाही आणि शिस्त तर अजिबात नाही. कुणी जिन्यात सायकल लावायचं, कुणी गॅलरीतून खरकटं फेकायचं. मी बारा नियम लिहिले, चेअरमन गुंडप्पांची सही घेतली आणि बोर्डावर चिकटवले. त्यातला सातवा असा: मोकळ्या जागेत खाट, बाज, सामान ठेवू नये, चोवीस तासांत न हलवल्यास जप्त करण्यात येईल.

हा नियम मी आजवर एकाच माणसावर चालवला होता. व्यंकटवर. तिसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू, मूळचा मुखेडचा, खताच्या दुकानात कामाला. त्याचे वडील दगडोबा गुडघ्यांनी पार बसलेले. त्यांना जिना चढवेना, म्हणून व्यंकटनं बोअरजवळच्या लिंबाखाली त्यांची सुंबाची बाज टाकली. वर लिंबाची सावली आणि खाली म्हातारा. मी नोटीस दिली. चोवीस तास आणि दहा मिनिटांनी दोन माणसं लावून बाज उचलली आणि पंपाच्या खोलीत टाकली. व्यंकटनं अर्ज दिला, ‘वडिलांना जिना चढता येत नाही, विषय मीटिंगमध्ये घ्यावा.’ मी म्हणालो, भाडेकरूचा अर्ज मीटिंगला येत नसतो. अर्ज फाईलला लावून मोकळा झालो. चार दिवसांनी त्यानं म्हाताऱ्याला मुखेडच्या गाडीत बसवून दिलं. तिथं म्हातारा एकटाच. शेजारीण भाकरी देते म्हणे.

त्याला तीन महिने झाले, आणि माझी अव्वा, म्हणजे आई, आली.

दोन वर्षं मी तिच्या मागं लागलो होतो. माझ्याकडं ये, मी रिकामाच हाय, तुझी सेवा करू दे. ती किल्लारीला धाकट्या भावाकडं असायची. त्र्याण्णवच्या भूकंपात माझी बहीण भिंतीखाली गेली. तेव्हापासून अव्वा छताखाली झोपली नाही. अंगणात झोपते, पावसाळ्यात पत्र्याखाली. माझ्या फ्लॅटमध्ये आल्याबरोबर तिनं मान वर करून स्लॅबकडं बघितलं, दोन घास खाल्ले आणि म्हणाली, “माझं अंथरूण खाली घाल.”

खाली मोकळ्या आभाळाची जागा एकच, तो लिंब. आणि पंपाच्या खोलीत बाज पडलेली. खोटं कशाला बोलू, मला नियमही आठवला आणि बाज कुणाची तेही आठवलं. पण अव्वा आली होती. तिनं परत जाऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी बाज काढून झटकली आणि टाकली. “पायताकडची दोरी लई ढिली पडलीय,” म्हणत अव्वानं आख्खी दुपार बसून ती ओढून ताणली. मग आठ दिवस ती लेकरासारखी झोपली.

नवव्या दिवशी ही पेन्सिल.

मी तडक तिसऱ्या मजल्यावर गेलो. व्यंकटशिवाय कोण लिहिणार? दार त्याच्या बायकोनं, दीपमालानं उघडलं. मी काही बोलायच्या आत म्हणाली, “काका, आम्ही न्हाई लिहिलं. आम्हाला लिहायचं आसतं तर अर्ज दिला आसता. आन् तो दिलाच व्हता.” दार तिनं हळूच लावलं.

गुंडप्पांकडं गेलो तर ते हसले. “आहो, तुमची आई म्हंजे आमची आई. रविवारी मीटिंगमध्ये मंजूर करून टाकू. कशाला जिवाला घोर लावून घेता?”

पण घोर लागला तो लागलाच. गुरुवार, शुक्रवार मला एका जागी बसवेना. गॅलरीत जायचो, खाली अव्वा दिसायची, पुन्हा आत यायचो. जेवताना उठायचो. बायको म्हणाली, अंगात मुंग्या शिरल्यात का तुमच्या? मी तिच्यावर खेकसलो आणि पुन्हा गॅलरीत गेलो.

शनिवारी दुपारी बाजारातून आलो तर अव्वा खाली जमिनीवर बसलेली आणि बाज भिंतीला उभी करून ठेवलेली.

“ही बाज कुणाची, मल्लू?”

“सोसायटीची.”

“बाजेच्या पायाला हिरव्या काठाची चिंधी बांधलीय. वरच्या पोरीच्या लुगड्याचा काठ हाय तो. म्या तिला इचारलं तर ‘सासऱ्याची, उचलून न्हेली’ एवढंच म्हणाली आन् रडाय लागली.” अव्वा माझ्याकडं बघतच राहिली. “त्या म्हाताऱ्याला उठवून मला झोपवलास व्हय रे?”

हजार प्रवाशांना एका आवाजात गप करणारा माणूस मी, आणि आईपुढं मान खाली घालून उभा राहिलो. लाज वाटली. अशी लाज मला कधी वाटली नव्हती.

रविवारी दहाला पार्किंगमध्ये मीटिंग. प्लास्टिकच्या खुर्च्या, चहा. व्यंकट मागं खांबाला टेकून उभा होता, भाडेकरूला खुर्ची आणि मत दोन्ही नसतं. गुंडप्पांनी विषय काढला, “सेक्रेटरींच्या मातोश्रींना लिंबाखाली झोपायला परवानगी द्यावी.” मिनिटभरात सगळे हात वर. कुणी तर म्हणालं, हे विचारायचं काम आहे का?

मला आनंद व्हायला पाहिजे होता. अव्वा राहणार होती. पण मी त्या वर केलेल्या हातांकडं बघून राहिलो आणि वाटलं, हेच हात त्या म्हाताऱ्यासाठीही वर झाले असते की. मी विचारलंच नव्हतं. मी फाईल उघडली आणि व्यंकटचा अर्ज तारखेसकट मोठ्यानं वाचला.

“मल्लिनाथराव, हे आता कशाला उकरून काढता?” गुंडप्पा म्हणाले.

“लिंबाखाली जागा एकाच बाजेपुरती हाय,” मी म्हणालो. “अर्ज आधी त्याचा. मी अर्जसुद्धा केला न्हाई, नुसती बाज टाकली. तीपण त्याचीच.”

“मग म्हाताऱ्याची बाज तुमच्या पार्किंगच्या जागेत टाका. दोघांचंही भागंल.”

क्षणभर मला ते पटलं, खरं सांगतो. मग म्हणालो, “तिथं गाड्या मागं येत्यात. माझ्या आईला लिंब आन् त्याच्या बापाला धूर? आसा नियम मला चालवता येणार न्हाई.”

नवा नियम तिथंच लिहिला. ज्याला जिना चढवत नाही किंवा आत झोपवत नाही त्यानं अर्ज करावा, मालक असो की भाडेकरू, अर्ज मीटिंगला येईल, जागा आधीच्या तारखेच्या अर्जाला. या वेळी हात सावकाश वर झाले. अकरा. तेवढे पुरले. पेन्सिल कुणाची ते मी शोधलं नाही.

अव्वानं एक रात्र वर झोपून बघितलं. माझ्यासाठी बघितलं. सकाळी उठलो तर ती दाराशी बसलेली, पायात चपला, मांडीवर गाठोडं. डोळे लालभडक. “मल्लू, न्हाई जमत रे. मला किल्लारीला सोड. तिथं अंगण हाय.”

मी थांब म्हणालो नाही. काय तोंडानं म्हणणार?

मंगळवारी स्टँडवर गेलो तर मुखेडची गाडी नुकतीच लागली होती. व्यंकट दगडोबांना धरून उतरवत होता. काठी, पिशवी, मग एकेक पाय. अव्वा माझा हात सोडून त्यांच्यापुढं जाऊन नमस्कार करत उभी राहिली.

“शरणार्थ. पायताकडची दोरी म्या ताणून ठिवलीय. आता पाठीला झोळ लागायचा न्हाई.”

दगडोबांना काही उमजलं नसावं. त्यांनी नुसते हात जोडले. मग मला बघितलं, ओळखलं आणि काठी दोन्ही हातांनी धरली.

“साहेब,” ते म्हणाले, “या बारीला चोवीस तास न्हाईत न्हवं?”

“न्हाई, दादा. तुम्ही राहा.”

किल्लारीची गाडी भरली. अव्वा खिडकीशी बसली, गाठोडं मांडीवर. ड्रायव्हर जुना, माझ्या वेळचा. सवयीनं त्यानं गाडी सोडायच्या आधी माझ्याकडं बघितलं. बत्तीस वर्षांत मी किती गाड्या सोडल्या असतील, पण त्या दिवशी हात उचलवेना. मागून कंट्रोलरची शिट्टी झाली, तेव्हा कुठं मी हात वर केला, आणि तिथंच, सगळ्या स्टँडसमोर, मला रडू आलं. गाडी वेळेवर सुटली.