खिशात मावणारी कानस

मित्रांनो, मी एक जुनी कानस आहे. खरं सांगायचं तर अर्धीच आहे. माझा उरलेला अर्धा भाग कुठल्याशा डब्यात गंजून गेला असेल. वीतभरसुद्धा नसलेली मी एका खिळ्याला टांगलेली आहे. खिळा शिकारीच्या खोपटाच्या भिंतीत आहे, खोपट अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेकडच्या जंगलात आहे आणि खोपटात आता कोणी येत नाही. छप्पर गळतं. पाणी माझ्या मुठीवरून ओघळतं, टोकाशी थोडं थांबतं आणि खाली पडतं. मला कोणी न्यायला येईल ही आशा मी केव्हाच सोडली. पण तुम्ही ऐकताय, तर सांगते.

मी मोठ्या कारखान्यात जन्मले. तिथे माझ्या अंगावर छिन्नीने दात पाडले, मला लालबुंद तापवलं आणि एकदम खाऱ्या पाण्यात बुडवलं. त्या एका बुडीत माझं सगळं बळ आलं. पोलादाचा कडकपणा असा आगीतून येतो, आणि पुन्हा आग लागली तर तसाच निघून जातो. एवढं लक्षात ठेवा, कारण माझ्या दुसऱ्या मालकाने तेवढंच लक्षात ठेवलं नाही.

माझा पहिला मालक ओनी सारेला. आईबाप फिनलंडहून आलेले, स्वतः जन्मभर लाकूडतोड्या. दोघांनी ओढायच्या लांब करवती, कुऱ्हाडी, बर्फ फोडायच्या पहारी, सगळ्यांना मीच धार लावली. डिसेंबरात तळं गोठलं की त्याची लेक एल्ना बर्फावर घसरायचे बूट घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. ओनी त्यांच्या पात्यांवरून मला चार वेळा फिरवायचा आणि म्हणायचा, "जा आता. पडलीस तर कानसेला दोष देऊ नकोस." ती कधी पडली नाही. माझ्या आयुष्यातला तोच काळ सुखाचा, हे तेव्हा मला कळलं नाही. सुखाच्या दिवसांत ते कुणालाच कळत नसावं.

एल्नाने लग्न केलं वेस ट्रेम्बाथशी. तो कॉर्नवॉलकडून आलेल्या खाणकामगारांच्या घरातला. हाताने कुशल, जिभेने त्याहून कुशल. वाईट नव्हता हो. आज इतक्या वर्षांनीही मी त्याला वाईट म्हणणार नाही. त्याला फक्त आपलं म्हणवून घ्यायची फार घाई होती.

आणि सारेलांच्या खोपटात आपलं होणं सोपं नव्हतं. दर ऑक्टोबरात ओनी, त्याचा मुलगा रूडी आणि जावई म्हणून वेस असे तिघे धनुष्यबाण घेऊन आठवडाभर इथे यायचे. ज्याचा बाण हरणाला न लागता वाया जाई, त्याच्या सदऱ्याचं मागचं टोक कात्रीने कापायचं, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायचं, अशी इथली रीत. भिंतीवर ओनीची चार कापडं होती, रूडीच्या एकट्याची सात. कापड लागल्याशिवाय माणूस या खोपटातला धरलाच जात नसे. वेसला तीन वर्षांत एकदासुद्धा बाण सोडायला मिळाला नव्हता. त्याच्या नावचं ना हरीण ना कापड. झोपायला दाराजवळची फळी, जिथे वारा थेट पाठीत शिरायचा.

चौथ्या वर्षी ओनीने मला त्याच्या हातात ठेवलं. "घे जावईबापू. जंगलात बाणाच्या पात्याला धार लावायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण लांब आहे. खिशात मावेल अशी करून घे."

वेसला तर आभाळ ठेंगणं झालं. त्याने मला शेगड्यात, म्हणजे लोखंडी पकडीत, आवळून मधोमध मोडलं. माझी एक कड घासून गुळगुळीत केली, म्हणजे बोट सोलवटणार नाही. हरणाच्या शिंगाची मूठ बनवली, एल्नाने चामड्याचं म्यान शिवलं, त्यात खडूचा तुकडा ठेवायला छोटा कप्पा केला, कारण खडू चोळला की माझ्या दातांत कीस अडकत नाही. मीच माझ्याकडे बघत राहिले. इतकं कौतुक माझं आजवर कुणी केलं नव्हतं.

राहिलं होतं एक भोक. मुठीमागे चामड्याची दोरी ओवायला माझ्या शेपटीत, म्हणजे मुठीत शिरणाऱ्या निमुळत्या टोकात, भोक हवं होतं, आणि कडक पोलादात ते पडेना. शेपूट तापवून मऊ करायला हवी होती. ओनी तेव्हा दारात उभा होता.

"आधी दातांकडचा भाग कच्च्या बटाट्यात खुपस," तो म्हणाला. "ओला बटाटा आच पुढे जाऊ देत नाही. नाहीतर दातसुद्धा मऊ पडतील."

वेस हसला. "आमच्यात बटाटा पास्टीच्या सारणात घालतात, बाबा. लोखंडाला वाढत नाहीत."

ओनीही हसला आणि निघून गेला. वेसने ज्योत लावली. शेपूट लाल झाली, आच वर चढली आणि मुठीकडचे माझे निम्मे दात आधी पिवळे, मग जांभळे, मग निळे पडले. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. वेसने ती निळाई पाहिली. क्षणभर त्याचा चेहरा पडला. मग त्याने पॉलिशकागद घेतला आणि निळा रंग घासून काढला. मी पुन्हा चकचकीत दिसू लागले. टोकाकडे माझे दात शाबूत होते, मुठीकडे मी नुसती शोभेची उरले होते, आणि हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं. मला वाटतं, आठवड्याभरात तो स्वतः विसरूनही गेला.

खोपटात माझी फार वाहवा झाली. रूडीने मला हातात फिरवून पाहिलं. "एवढी नटलेली कानस! बायकोला अंगठी तरी एवढी नटवून दिलीस का रे?" वेस खूश. त्याने आपल्या प्रत्येक पात्याच्या मुळाशी माझ्या दातेरी कडेने दोन खाचा पाडल्या. तिथे ज्याची त्याची खूण असे, रूडीची एक खाच, ओनीची फुली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वेस एकटा निघाला. वाटेत सराव म्हणून त्याने एका कुजक्या बुंध्यावर बाण मारला. बुंध्यात दगड होता. पातं बोथट झालं. दुसरा बाण घ्यावा ना! पण खिशात मी होते, आणि मला वापरायची हौस होती. झाडाखाली बसून त्याने मला बाहेर काढलं. थंडीने बोटं आखडली होती, म्हणून त्याने लांब हात न मारता मुठीजवळच आखूड आखूड हात मारले. तिथेच, जिथे मी मेलेली होते. मी पात्यावरून नुसती घसरत राहिले. पातं चकाकलं. धार आली नाही. मनगटावरचे केस भादरून बघायची पद्धत असते, तीही त्याने बाही वर करायच्या कंटाळ्याने टाळली.

अर्ध्या तासात हरीण आलं. मोठा नर, शांतपणे चरत. वेसने बाण सोडला आणि तो लागला. पण जरा मागे, आणि बोथट. धारदार पातं शिरलं की जनावर शंभर पावलांत पडतं. बोथट पातं नसा कापत नाही, बाजूला सारत जातं. हरीण उडालं आणि देवदारांच्या दलदलीकडे पळालं. मागे राहिला मोडलेला अर्धा बाण आणि त्यावर बोटभर रक्त.

वेस त्या रक्ताकडे बघत किती वेळ उभा राहिला ते मला सांगता येणार नाही. खिशातून मला त्याच्या छातीचे ठोके ऐकू येत होते. जखमी जनावर सोडायचं नाही, सगळ्यांनी मिळून शोधायचं, अंधार पडला तर कंदील घेऊन, ही या जंगलातली पहिली शिकवण. पण शोधायला माणसं हवीत, माणसांना सांगायला हवं, आणि सांगितलं की ओनी पातं मागणार. मग कानस मागणार. मग बटाटा आठवणार.

वेसने मोडका बाण शेवाळाखाली सरकवला.

खोपटात शिरताना त्याने दारातूनच हात वर केले. "चुकला! एवढा जवळून, आणि चुकला!"

खोपटात एकच जल्लोष झाला. "कात्री कुठाय? बाबा, कात्री!" रूडी नाचायचाच बाकी होता. "चार वर्षं वाट पाहिली या कापडाची!" त्याने वेसला उलटं वळवून त्याच्या सदऱ्याचं टोक करकर कापलं. ओनीने पेन्सिल ओली करून त्यावर सावकाश नाव लिहिलं, साल लिहिलं आणि स्वतःच्या कापडाशेजारी ठोकलं. मग वेसची पथारी उचलून शेकोटीजवळच्या फळीवर टाकली.

"झालास आता आमच्यातला," तो म्हणाला. "जेव."

बटाटा, सलगम आणि मांस भरलेली पास्टी वेससमोर आली. तो हसला, खाल्लंसुद्धा. बाहेर अजून तासभर उजेड होता. मी खिशात होते आणि काही करू शकत नव्हते. मित्रांनो, अवजाराचं दुःख हेच, की त्याला सगळं माहीत असतं आणि तोंड नसतं. पण वेसला तोंड होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बर्फ पडला. वेस उबदार फळीवर पडून राहिला, अंग दुखतंय म्हणाला. त्यानंतर दोन दिवसांनी रूडी कुत्र्याला घेऊन रानकोंबड्या मारायला गेला आणि लवकर परतला. त्याने टेबलावर बाणाचं एक पातं ठेवलं. मुळाशी दोन खाचा.

"कुठे?" ओनीने विचारलं.

"दलदलीच्या काठाला. आपल्या दारापासून चारशे पावलंही नसतील. एक नर मरून पडलाय, कोल्ह्यांनी खाल्लाय." रूडी वेसकडे बघत नव्हता. "तीन ठिकाणी बसला होता, बाबा. आणि अंगाखाली बर्फ होता."

म्हणजे बर्फ पडला तेव्हा ते हरीण जिवंत होतं. निदान एक अख्खा दिवस. हे कळलं सगळ्यांना.

ओनीने पातं उचललं, बाही वर केली आणि मनगटावरून फिरवलं. एक केस निघाला नाही. मग त्याने हात पुढे केला आणि वेसने मला त्यावर ठेवलं. ओनीने मुठीजवळ माझ्यावरून अंगठा फिरवला. ज्या अंगठ्याला माझा एकेक दात पाठ होता, त्याला आता काहीच लागलं नाही. मी मेले असते तर बरं झालं असतं.

"बटाटा घेतला नव्हतास," तो म्हणाला.

"नाही, बाबा."

"ते एक वेळ चाललं असतं."

तो उठला. पक्कडीने भिंतीवरचा खिळा सैल करून वेसचं कापड काढलं, नीट घडी घातली आणि त्याच्यासमोर ठेवलं. "हे चुकलेल्यांचं असतं, वेस. तुझा बाण चुकला नाही."

"मी सांगणार होतो..." वेस म्हणाला. "रोज सकाळी उठून वाटायचं, आज सांगू."

कुणी त्याला जा म्हटलं नाही. पण त्याने पथारी गुंडाळली, कापड खिशात घातलं आणि तो गेला. मला टेबलावरच ठेवून गेला. ओनीने बराच वेळ मला हातात धरलं. मग त्या रिकाम्या खिळ्याला माझी दोरी अडकवली.

वेस पुन्हा कधी इथे आला नाही. पुढच्या वर्षी एल्ना एकदा आली, माझ्या म्यानाला हात लावून उभी राहिली आणि परत गेली. ओनी वारला. रूडीचे गुडघे गेले, त्याच्या मुलांना जंगल आवडत नाही. कापडं उंदरांनी नेली. मी आहे, कारण मला कुणी खातही नाही.

तेव्हा मित्रांनो, अवजाराला जपा. त्यात फेरफार करण्याआधी ज्याने ते जन्मभर वापरलं त्याचं ऐका. आणि हातून वाईट झालं तर ते त्याच संध्याकाळी सांगा. माझं आता काही सुधारणार नाही, मऊ पडलेले दात परत येत नाहीत. पण या खिळ्यावरून मला समोरचं फडताळ दिसतं. त्यावर तीन कंदील आहेत. त्या संध्याकाळी वेस पास्टी खात होता, तेव्हाही ते तिथेच होते. तिन्ही तेलाने भरलेले.