आत सोडलेलं कापड

"श्वास सोड गं बाई, अंग नको चोरू,
चोरल्या अंगाचा झगा कसा करू?"

ओठांत टाचण्या धरून, अर्धं नाकातून, मावशी हे गुणगुणायची आणि टेप माझ्या कमरेभोवती फिरवायची. मी पोट आत ओढलं की काखेत गुदगुल्या करायची. मी हसले की श्वास सुटायचा. मग ती आकडा वाचायची. "हं, आता आली खरी ठमी."

मी लहानपणापासून अंगानं दांडगी. दुकानात माझ्या मापाचं काही मिळालंच तर तो तंबू असायचा. मावशी मात्र मला शिवायची ते माझंच असायचं. खांद्यावर नीट बसणारं, हात वर केला तरी न ओढणारं, मांडीपाशी दुहेरी शिलाईचं, गळ्याच्या आत तिच्या खुणेचा पिवळा टाका असलेलं. आणि प्रत्येक शिवणीच्या आत दोन बोटं कापड जास्तीचं सोडलेलं. मी विचारायची, हे कशाला? ती म्हणायची, "माणूस काय एका मापाचं राहतं होय गं? पुढच्या तुझ्यासाठी ठेवलंय."

आता मी जुन्या कपड्यांच्या गोदामात निवडायचं काम करते. टेबलावर पोतं उलटायचं आणि ढीग लावायचे. पुन्हा घालण्याजोगे इकडे, फडकी करण्याजोगे तिकडे, उरलेले फेकायला. मोठ्या मापाचे कपडे बहुतेक फेकायच्याच ढिगात जातात. मांडीशी फाटलेले, चार धुण्यांत जाळी झालेले. फडकं करावं तर पाणीही धरत नाहीत.

"शिवतात का चिकटवतात गं हे?" आमची मुकादमीण म्हणते. "बाई शिंकली तरी उसवेल."

काहींना दुकानाची चिठ्ठी तशीच लटकत असते. एक माप लहान घेतलेले, बारीक झाल्यावर घालू म्हणून. मला ते लगेच कळतं. माझ्या कपाटात तसे अकरा आहेत.

गेल्या मंगळवारी एक हिरवा ड्रेस हाताला लागला. जड, सुती, धुवून धुवून मऊ झालेला. सवयीनं मी तो उलटा केला. कमरेच्या शिवणीशी सुईच्या टोचांच्या दोन जुन्या ओळी होत्या. दोनदा उसवून मोकळा केलेला. आणि गळ्याच्या आत, जिथे कुणी बघत नाही तिथे, पिवळ्या दोऱ्याचा एकच टाका.

मी पोत्यावरच बसले.

"काय गं, भूत दिसलं का?" मुकादमीण म्हणाली.

"मावशी दिसली."

"अगं बाई. गेली का?"

"नाही. दोन गल्ल्या पलीकडे राहते."

"मग रडतेस कशाला?"

त्याचं उत्तर नऊ वर्षं माझ्यापाशी होतं. ते मी कुणालाच दिलं नव्हतं.

पहिल्या नोकरीची मुलाखत होती. मी मावशीला म्हटलं होतं, "या वेळी आत कापड नको सोडूस. जाड दिसतं. दुकानातल्यासारखा शिव." तिचा चेहरा उतरला, पण "बरं" म्हणाली. त्या दिवशी तिला खोकला होता. गाणं नाही, गुदगुल्या नाहीत. तिनं टेप लावली आणि मी पोट आत ओढलं, श्वास कोंडला, टेप सुटेपर्यंत कोंडला. मला एकदा तरी तो लहान आकडा हवा होता.

ड्रेसची चेन बरगडीशी अडली. मोकळा करायला आत कापडच नव्हतं. मावशी टेप पुन्हा पुन्हा डोळ्यांशी नेत होती. "मला दिसेनासं झालंय का गं?"

मी म्हणाले, "असू दे मावशी, होतं असं."

मी दुकानातून काहीतरी उचललं, ते दुसऱ्याच आठवड्यात काखेत उसवलं. मावशीनं महिनाभरानं मशीनवर चादर टाकली. येईल त्या बाईला एकच सांगायची, हात गेला माझा. पंचावन्नचीही नव्हती.

काम सुटल्यावर मी हिरवा ड्रेस घेऊन तिच्याकडे गेले. मशीन चादरीखालीच होतं, वर औषधांच्या बाटल्या. आता तिला खरंच अंधुक दिसतं. तिनं ड्रेस मांडीवर घेतला, शिवणीवरून अंगठा फिरवला.

"कुणी शिवलंय गं? हात चांगला आहे."

"गळ्याच्या आत बघ."

बोट पिवळ्या टाक्याशी थांबलं.

"माझाच गं टाका. हा तर कोपऱ्यावरच्या मास्तरणीचा. पहिल्या मुलाच्या वेळी उसवला, मग दुसऱ्याच्या. मागच्या थंडीत गेली बिचारी." तिनं ड्रेसची घडी घातली, पुन्हा मोडली. "शेवटपर्यंत घातला म्हणायचा. तेव्हा हात होता गं माझा. सगळ्या गावाचं शिवलं, कुणाचं चुकलं नाही. आणि चुकलं ते कुणाचं? माझ्या ठमीचं. नऊ वर्षं रोज ते माप घेते मी मनात. टेप नीट धरली होती. मग कुठे चुकले?"

मी मशीनचा खण उघडला. टेप होती, गुंडाळून कडक झालेली. ती मी कमरेभोवती घेतली आणि दोन्ही टोकं तिच्या बोटांत दिली.

"आता कशाला?" ती म्हणाली. "मला आकडे दिसत नाहीत."

"धर फक्त."

तिनं धरली. सवय अशी, की मी नकळत पोट आत ओढलंच. मग सगळा श्वास सोडला. टेप तिच्या बोटांतून सरकत गेली, दोन बोटं, तीन बोटं, चार. मावशीचे हात तिथेच थबकले. तिनं मान वर केली.

"मावशी, तुझा हात नव्हता गं चुकला. त्या दिवशी मी अंग चोरलं होतं."