उजव्या नमुन्याचा आलेख

आमच्या प्रयोगशाळेतलं ते यंत्र माझ्या ताब्यात आहे, आणि त्यावर काम करणारी विद्यार्थिनी माझी सख्खी भाची. आपलेच दात, आपलेच ओठ. तिचा पेपर छापायला गेला, त्यावर माझंही नाव होतं.

विषय थोडक्यात सांगते, जांभया आवरा. युरोपियम धातूभोवती रेणू गुंडाळायचे, एका नमुन्यात डावीकडून, दुसऱ्यात उजवीकडून. अतिनील प्रकाश टाकला की दोन्ही लालभडक चमकतात, पण एकाचा प्रकाश डावा पीळ घेऊन निघतो, दुसऱ्याचा उजवा. यंत्र त्याचा आलेख काढतं. एकाची रेघ वर गेली तर दुसऱ्याची तेवढीच खाली यायला हवी, तरच लोक विश्वास ठेवतात.

भाचीच्या रेघा जुळल्या होत्या. जरा जास्तच. प्रत्येक रेघेत बारीक थरथर असते, ती तोच नमुना पुन्हा मोजला तरी सारखी येत नाही. इथे डाव्याची थरथर उजव्यात जशीच्या तशी उलटी उतरली होती. पेपर गेल्यावर माझ्या हे लक्षात आलं, हीही माझीच शोभा.

"उजवा मोजलास कधी?" मी विचारलं.

"त्याच दिवशी."

"मावशीलाच शेंडी लावतेस?"

तिची मान खाली गेली. "उजवा सांडला गं. नवा करायला तीन आठवडे लागतात, मुदत सोमवारी संपत होती. डावाच उलटा करून लावला. तसाच येणार होता ना!"

"येणार होता म्हणजे आला नव्हता!" मी ओरडलेच.

पेपर मागे घेतला तर तिची पदवी लटकणार होती. दोन दिवस मीही गप्प बसायचा विचार केला, मग स्वतःचीच लाज वाटली. तिला सांगून संपादकांना पत्र पाठवलं, उजवा आलेख बनावट आहे, पेपर मागे घेत आहोत. ती नवा नमुना करायला लागली.

तीन आठवड्यांनी तो मीच यंत्रात ठेवला. रेघ खाली गेली, डाव्याची वर गेली होती तेवढीच. थरथर मात्र वेगळी होती.

भाची रडायलाच लागली. "खरंच होतं की गं! मी खोटं कशाला केलं?" मग डोळे पुसून म्हणाली, "आता हा पाठवूया ना, मावशी?"

संपादकांचं उत्तर सकाळीच आलं होतं. पाच वर्षं आम्हा दोघींचं काहीही छापणार नाहीत. मी ते तिला वाचायला दिलं.