मागच्या सीटवरचं बोलणं

मी एक जुनी चारचाकी बोलतेय. रंग फिका निळा, डाव्या दाराला पोचा, आणि चढ आला की धाप लागते. माझे पहिले मालक म्हणजे एक निवृत्त मास्तर. त्यांनी मला जिवापाड जपलं. जपलं म्हणजे काय, तर झाकून ठेवलं! पुढे त्यांना नीट दिसेनासं झालं आणि मी ताईंकडे आले.

ताई बालसंरक्षण कार्यालयात नुकत्याच लागल्या होत्या. ज्या घरात मुलांना मार बसतो किंवा भीतीने झोप लागत नाही, अशा घरी त्या जायच्या. आधी ते घरच सावरायला बघायच्या. नाहीच जमलं, तर मुलांना काही काळ दुसऱ्या सुरक्षित घरी ठेवायच्या. ही सगळी ने-आण माझ्याकडे होती.

एक गोष्ट मला लवकरच कळली. समोर खुर्ची देऊन 'बोल बाळा' म्हटलं की मुलांची दातखीळ बसते. माझ्या मागच्या सीटवर मात्र ती बोलतात. तिथून त्यांना ताईंचा फक्त अंबाडा दिसतो, आणि अंबाड्याला कोण घाबरतं?

एक बहीण-भाऊ माझ्या मनातून जात नाहीत. मोठी आठ वर्षांची, धाकटा नुकता बोलायला लागलेला. बाप मारायचा, त्याला कारण लागायचंच असं नाही. मोठीचा हात मोडला तेव्हा दवाखान्यातून ताईंना फोन आला. दोघांना एकत्र घेईल असं घर मिळेना, म्हणून दोन वेगळ्या घरी ठेवायचं ठरलं.

तिकडे जाताना, तोवर अवाक्षर न काढलेली मोठी म्हणाली, "ताई, याला झोपताना माझा कान धरायला लागतो."

ताईंनी आरशातून मागे पाहिलं.

"त्या घरी सांगाल ना? नाहीतर शोधत बसेल."

ताईंनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं, खाली उतरून कार्यालयातल्या साहेबांना फोन लावला.

"साहेब, या दोघांची ताटातूट करायची नाही."

"अहो, घर काय माझ्या खिशात आहे?"

"मी शोधते. संध्याकाळपर्यंत वेळ द्या."

"आणि नाही मिळालं तर?"

"तर दोघांना तुमच्यासमोर आणून बसवते. तुम्हीच समजावा त्यांना."

साहेबांनी वेळ दिला.

ताई एका निवृत्त नर्सबाईंच्या दारात गेल्या. "माझे गुडघे गेलेत, एकच मूल झेपेल," असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. तरी त्या बाहेर आल्या, माझ्या काचेतून आत डोकावल्या. धाकटा मुठीत बहिणीचा कान धरून झोपला होता. बहीण मान वाकडी करून, हलू न देता बसली होती.

"आणा आत," नर्सबाई म्हणाल्या. "गुडघ्यांचं मी बघते."

मुलं आत गेली. ताई परत येऊन बसल्या आणि त्यांनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. हॉर्न असा काही वाजला की नर्सबाई धावत बाहेर आल्या. "आता काय झालं?"

"काही नाही हो, गाडीच बिघडलीय," ताई डोळे पुसत म्हणाल्या. माझ्या नावावर खपवलं, पण माझी तक्रार नाही.

पुढे मुलांच्या आईनं नवऱ्याला सोडलं, लाँड्रीत काम धरलं. त्यानं जवळ फिरकायचं नाही असा कोर्टाचा हुकूम झाला. मग दर आठवड्याला मायलेकरांची भेट ठरली. पहिल्या भेटीला मोठी माझ्यातून उतरेचना.

"ये ना गं," आई म्हणाली.

"नाही येणार. तू स्वयंपाकघरात होतीस. मी हाका मारल्या, तू आली नाहीस."

आईनं ताईंकडे पाहिलं. "तुम्ही तरी सांगा ना तिला."

"तिनं तुम्हाला विचारलंय," ताई हळूच म्हणाल्या.

मग आई माझ्या उघड्या दाराशी खाली बसली. "भ्याले होते गं. पण यायला हवं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं. माझं चुकलं."

मोठी खिडकीबाहेर बघत राहिली. त्या दिवशी आणखी काहीच झालं नाही.

निघताना ताईंनी आईला सांगितलं, "तिला ओढून जवळ घेऊ नका. पण येत राहा. आणि येईन म्हणालात की याच."

आई येत राहिली. मागच्या सीटवर एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मोठी, आणि मधे धाकटा मंत्र्यासारखा ऐसपैस. मोठीचं प्लास्टर निघालं, तरी अबोला सुटला नाही. एकदा आई कामावरून तशीच आली. साबणाच्या पाण्याने हात पांढरेफटक झालेले. मोठी त्या हातांकडे बघत बसली.

"जेवलीस का?" तिनं आईला विचारलं.

"नाही अजून."

मोठीनं हातातलं अर्धं खाल्लेलं सफरचंद पुढे केलं. आईनं ते बियांसकट खाल्लं. ताई खाली उतरून माझी काच पुसू लागल्या. काच स्वच्छच होती.

काही महिन्यांनी मी तिघांना आईच्या नव्या खोलीवर सोडलं. मोठीनं आधी दाराची आतली कडी लावून पाहिली, काढून पाहिली, पुन्हा लावली. मग दार उघडून म्हणाली, "ताई, जा तुम्ही आता."

सगळ्यांचं असं झालं नाही. काही मुलांच्या आया आल्याच नाहीत. अशा वेळी ताई परतीच्या वाटेवर मला फार सावकाश चालवायच्या, आणि मागे कुणीच बोलत नसे.

आता ताईंचे केस पांढरे झालेत. त्या नव्या पोरींना हे काम शिकवतात. माझं इंजिन मात्र बसलंय. आज त्यांनी माझ्या सीटखालून खडूचे तुकडे, एक इवलासा मोजा आणि बिस्किटांचा चुरा काढला. मोजा पिशवीत ठेवला. उद्या मला ओढून नेतील.

जाता जाता तुमच्याकडे एक मागणं आहे. भिंतीपलीकडून रोज एखाद्या लेकराचं रडणं येत असेल, तर टीव्हीचा आवाज वाढवू नका. बंद करा आणि नीट ऐका. मग बालसंरक्षण कार्यालयाला फोन लावा. स्वतःचं नाव सांगायची भीती वाटली तर सांगू नका. पत्ता मात्र नीट सांगा. माझ्यामागून आलेली एखादी गाडी तिथं येईल.